चाळिशीनंतर मातीच्या शर्यतीत : हौशी मोटोक्रॉसची सुरुवात कशी करावी?

वाळवा तालुक्यातील दुचाकीस्वार मातीला नवखा नसतो. पाणंदीतला चिखल, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या चाकोऱ्या आणि मागे बांधलेला वैरणीचा भारा सांभाळत त्याने वर्षानुवर्षे गाडी चालविलेली असते. आज पंचेचाळीस ते पंचावन्न वर्षांच्या असलेल्या पिढीने राजदूत, येझदी किंवा यामाहा आरएक्स १०० या गाड्यांवर हात बसविला. मुले मार्गी लागली, डोक्यावरचे हप्ते हलके झाले, की यातील काहींच्या मनात जुनी हौस पुन्हा डोके वर काढते. एकदा तरी मातीच्या शर्यतीत उतरावे, असे वाटू लागते. मग प्रश्न पडतो, आता उशीर झाला का?

सुरुवात करण्यास उशीर झालेला नसतो. मात्र विशीतील मुलगा ज्या क्रमाने हा खेळ शिकतो, तो क्रम पन्नाशीत चालत नाही. शिवाय तीस वर्षांचा अनुभव हे या वयाचे भांडवल वाटत असले, तरी पहिला अडथळाही तोच ठरतो. शर्यतीआधी जुन्या सवयी मोडाव्या लागतात.

वय आड येते का?

जगातील सर्वांत खडतर मानल्या जाणाऱ्या डकार रॅलीत २०२४ मध्ये मोटारींच्या गटाचे विजेतेपद स्पेनच्या कार्लोस साइन्झ यांनी वयाच्या ६१ व्या वर्षी मिळविले. त्याच रॅलीत केरळच्या हरिथ नोआ याने दुचाकीच्या 'रॅली २' गटात पहिला आणि एकूण क्रमवारीत अकरावा क्रमांक पटकाविला. इटलीचे फ्रँको पिको २०२२ मध्ये ६६ व्या वर्षी दुचाकी घेऊन डकारला उतरले होते. पुण्याचे संजय टकले यांनी तरुणपणी मोटोक्रॉसपासून सुरुवात केली, पुढे ते मोटार रॅलीकडे वळले आणि पन्नाशी उलटल्यावर, २०२५ मध्ये, 'डकार क्लासिक'मध्ये सहभागी झाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्लेन हेलन येथे प्रौढांसाठी स्वतंत्र मोटोक्रॉस स्पर्धा होते. तेथे तीस, चाळीस, पन्नास आणि साठ वर्षांपुढील चालकांचे वेगवेगळे गट असतात.

तथापि, या उदाहरणांनी हुरळून जाऊ नये. साइन्झ, पिको किंवा टकले यांच्या पाठीशी अनेक वर्षांचा सराव होता. शिवाय या खेळात निष्णात माणसालाही माफी नाही. डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय दुचाकीस्वार सी. एस. संतोष २०२१ च्या रॅलीत पडून गंभीर जखमी झाला. त्याआधीच्या वर्षी याच रॅलीत पोर्तुगालचा अनुभवी चालक पावलो गोन्साल्विस याचा चाळिसाव्या वर्षी मृत्यू झाला. हौशी शर्यत डकारइतकी कठीण नसते. परंतु पडण्याची शक्यता गृहीत धरूनच या खेळात पाऊल टाकावे लागते.

प्रकार समजून घ्या

मातीवरील शर्यतींचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १९२४ मध्ये सरे परगण्यातील कॅम्बरली येथे झालेली 'स्क्रॅम्बल' ही या खेळाची सुरुवात मानली जाते. त्यातून पुढे अनेक शाखा फुटल्या.

मोटोक्रॉस : नैसर्गिक चढउताराच्या, बंदिस्त मातीच्या धावपट्टीवर ठरावीक फेऱ्यांची शर्यत. सर्व चालक एकाच वेळी सुटतात.

सुपरक्रॉस : मैदानात माती टाकून केलेली लहान धावपट्टी आणि एकापाठोपाठ एक उंच उड्या. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली, ती याच प्रकारातील.

एन्ड्युरो आणि रॅली : अंतर मोठे असते. चालकांना ठरावीक अंतराने सोडले जाते आणि लागलेल्या वेळेवर क्रमांक ठरतो.

ट्रायल्स : वेगाला महत्त्व नाही. दगड, ओंडके, तीव्र चढ यांवरून पाय न टेकता गाडी नेणे ही कसोटी.

उशिरा सुरुवात करणाऱ्याने यांपैकी वेळेवर चालणारे प्रकार आधी निवडावेत. मोटोक्रॉसमध्ये सर्वजण एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर एकच गर्दी होते. तेथे एक पडला, की मागचे दोघे त्याच्यावर येतात. एकेकट्याने सुटणाऱ्या शर्यतीत हा धोका बराच कमी होतो आणि चढाओढ स्वतःच्याच आधीच्या वेळेशी राहते. सुपरक्रॉसच्या उड्या मात्र प्रेक्षकांत बसूनच पाहिलेल्या बऱ्या.

आधी जुन्या सवयी मोडा

डांबरी रस्त्यावर आपण बसून गाडी चालवितो. मातीवर बहुतांश वेळ पायटेकांवर उभे राहावे लागते. गुडघे किंचित वाकलेले, टाकीला चिकटलेले, कोपरे बाहेर, नजर चाकासमोर नव्हे, तर पंधरा-वीस मीटर पुढे. असे उभे राहिले, की गाडी खाली हवी तशी उसळू शकते आणि धक्के कमरेऐवजी गुडघे झेलतात. पन्नाशीच्या मणक्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

दुसरी सवय ब्रेकची. अनेकांनी आयुष्यभर मागचाच ब्रेक वापरलेला असतो. मातीवरही गाडी थांबविण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो मात्र एका-दोन बोटांनी, हलक्या दाबाने वापरावा लागतो. तिसरी सवय मूठ आवळून धरण्याची. गाडी गुडघ्यांनी धरायची असते. हातांनी केवळ दिशा द्यायची. हातांनी गच्च धरले, की काही मिनिटांतच मनगटापुढचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात आणि क्लच दाबणेही अवघड जाते.

चौथी गोष्ट चाकोरीची. खोल चाकोरीत चाक शिरले, की घाबरून वेग कमी करणारा हमखास पडतो. मंद, पण सलग गती ठेवून, नजर चाकोरीच्या टोकाशी लावली, तर गाडी आपोआप बाहेर येते. हा सराव पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, अनेक रविवार करावा.

शरीराची तयारी

मोटोक्रॉस करताना हृदयाचे ठोके दीर्घकाळ कमाल मर्यादेच्या जवळ राहतात, असे या खेळाच्या अभ्यासात आढळलेले आहे. यंत्र पळते आणि माणूस बसतो, ही समजूत चुकीची आहे. त्यामुळे चाळिशीपुढील व्यक्तीने गाडी घेण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, मधुमेह यांच्या तपासण्यांबरोबर हृदयाची ताणचाचणी करावी का, हे विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर ते आवर्जून सांगावे. अशा रुग्णाला डोक्यास मार लागल्यास रक्तस्रावाचा धोका मोठा असतो आणि डॉक्टर या खेळास नकार देऊ शकतात. तो नकार मानावा.

तिशीनंतर स्नायूंचे बळ हळूहळू घटत जाते. त्यावरचा उपाय आपल्या भागातील तालमींना नवा नाही. पायटेकांवर उभे राहण्यासाठी बैठका आणि खांद्यांसाठी जोर हा उत्तम व्यायाम आहे. त्याला आठवड्यातून तीन-चार दिवस धावण्याची किंवा सायकलची जोड द्यावी. २०१२ मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल मॅरेथॉनमुळे या पट्ट्यातील अनेक प्रौढांना नियमित धावण्याची गोडी लागली आहे. त्यांची निम्मी तयारी झालेली असते. इतरांनी किमान तीन महिने शरीरासाठी द्यावेत.

चाळिशीचा चष्मा हाही एक विषय आहे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात खालचा भाग वाचनासाठी असतो. त्यातून जमीन धूसर दिसते. केवळ दूरचे दिसणारा एकेरी भिंगाचा चष्मा करून घ्यावा आणि चष्म्यावर बसेल असाच गॉगल निवडावा.

गाडी कोणती?

पहिली गाडी हलकी, साधी आणि इस्लामपुरात दुरुस्त होईल अशी असावी. हीरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आलेली गाडी अनेक हौशी चालकांची पहिली निवड ठरली आहे. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची आणि सुमारे दीड लाखाच्या आसपास किंमत, ही त्याची कारणे. ती रस्त्यावरही चालते, त्यामुळे सरावासाठी वेगळे वाहन लागत नाही. आसनाची उंची ८२३ मिलिमीटर आहे. बेताच्या उंचीच्या व्यक्तीने आधी बसून पाहावे. कावासाकी केएलएक्स २३० आणि केटीएम ३९० एन्ड्युरो आर यांसारख्या गाड्याही आता उपलब्ध आहेत, परंतु त्यांचा विचार दुसऱ्या वर्षी करावा. खास मोटोक्रॉससाठी बनविलेल्या गाड्यांची नोंदणी होत नाही. त्या रस्त्यावर चालविता येत नाहीत, टेम्पोत घालून न्याव्या लागतात.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा एक धडा येथे सांगावासा वाटतो. ओली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये साचून चाकच जाम करते. मोटोक्रॉसच्या गाडीचे पुढचे मडगार्ड चाकापासून उंच असते, ते यासाठीच. साधी गाडी असेल, तर पावसाळ्यात काळ्या रानात सराव टाळावा. मुरमाड जमीन शोधावी. टायरमधील हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवली, की पकड वाढते. फार कमी केल्यास ट्यूब पंक्चर होते आणि रिमलाही मार बसतो.

संरक्षक साहित्य

येथे काटकसर करू नये. गाडीच्या आधी साहित्य घ्यावे, हा क्रम लक्षात ठेवावा. मोटोक्रॉसचे हेल्मेट, गॉगल, घोट्याला आधार देणारे उंच बूट, गुडघ्यांचे आणि कोपरांचे कवच, छाती-पाठीचे कवच, हातमोजे हे किमान आहे. मानेच्या पट्ट्याबाबत डॉक्टर आणि प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा. पडल्यावर गळ्याचे हाड, मनगट आणि घोटा यांना सर्वाधिक धोका असतो आणि वय वाढलेले हाड जुळण्यास वेळ घेते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी बदलावे.

सराव कोठे? कायदा काय सांगतो?

सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गावाबाहेरचा रिकामा रस्ताही यातून सुटत नाही. कास पठार, सागरेश्वर अभयारण्य, चांदोली परिसर ही सरावाची ठिकाणे नव्हेत. पठारावरील पातळ मातीचा थर एका चाकोरीने निघून गेला, की तेथील वनस्पती लवकर परत येत नाहीत.

मग उरते खासगी रान. ऊस तुटून गेलेले किंवा पडीक मुरमाड शेत मालकाच्या संमतीने वापरता येते. चार जुने टायर आणि चुन्याच्या रेघा एवढ्यावर वळणांचा सराव होतो. एकट्याने कधीही सराव करू नये. सोबतच्या माणसाला जवळचे रुग्णालय आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यांची माहिती असावी. पडलेल्याचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये, हेही त्याला ठाऊक असावे.

किमान एकदा रीतसर प्रशिक्षण घ्यावे. बंगळुरूजवळ कोलार येथे सी. एस. संतोषने उभारलेले 'बिगरॉक' हे देशातील परिचित केंद्र आहे. इस्लामपूरहून (२०२५ मध्ये राज्य सरकारने या शहराचे ईश्वरपूर असे नामांतर जाहीर केले) सुमारे दोनशे किलोमीटरवरील पुण्यात या खेळाची परंपरा जुनी असून, तेथे जाणकार मार्गदर्शक मिळतात.

विमा वाचून पाहा

वाहनाच्या नेहमीच्या विम्यात संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. शर्यतीत गाडी मोडली, तर खर्च आपलाच. आरोग्य विम्यातील प्रमाणित अटीनुसार व्यावसायिक खेळाडू म्हणून साहसी खेळात झालेल्या दुखापतीचा खर्च वगळता येतो. हौशी व्यक्तीची बाजू त्यामुळे काहीशी बरी आहे. परंतु अपघात विम्याच्या अटी निराळ्या असू शकतात. कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय शर्यतीत उतरू नये.

पहिली शर्यत

देशातील मोटार क्रीडा स्पर्धांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. तिच्या मान्यताप्राप्त स्पर्धेतच भाग घ्यावा. तेथे परवाना, वैद्यकीय तपासणी, रुग्णवाहिका आणि मार्शल यांची व्यवस्था असते. अनेक ठिकाणी स्थानिक आणि नवोदित चालकांसाठी वेगळे गट ठेवले जातात. हौशी चालकांसाठी हीरो मोटोकॉर्पने २०२२ मध्ये 'डर्ट बायकिंग चॅलेंज' घेतले, तेव्हापासून या वर्गाकडे कंपन्यांचेही लक्ष गेले आहे.

आदल्या दिवशी धावपट्टी पायी फिरून पाहावी. झेंड्यांचे अर्थ पाठ असावेत : पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडू नका, उडी घेऊ नका, निळा म्हणजे मागून वेगवान चालक येत आहे, लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा झेंडा प्रौढ नवोदिताला वारंवार दिसणार, हे आधीच मान्य करावे. अशा वेळी घाबरून बाजूला वळू नये. आपली रेषा सरळ धरावी. मागचा तरुण त्याची वाट काढून घेतो.

पहिल्या मोसमाचे उद्दिष्ट एकच असावे : सुरू केलेली प्रत्येक शर्यत पूर्ण करणे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर राहणे. ज्याच्या पगारावर किंवा शेतावर घर चालते, त्याने घरच्यांशी बोलून, त्यांना एकदा सराव दाखवूनच निर्णय घ्यावा. चषक तरुणांनी न्यावा. पन्नाशीत शिकलेला नवा तोल, सुधारलेला दम आणि पुढच्या रविवारी पुन्हा रानात उतरता येईल असे धडधाकट शरीर, ही कमाई थोडी नव्हे.