जाळे घेऊन उडालेली पाखरे

पाखरांचा एक थवा जाळ्यात सापडतो आणि जाळ्यासकट उडून जातो. गेली पस्तीसएक वर्षे एवढेच चित्र माझ्यापाशी होते. ते कोठून आले, कोणी काढले, पुढे पाखरांचे काय झाले, यांपैकी काहीच मला सांगता येत नव्हते.

आम्ही पुण्याच्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. १९८७ च्या सुमारास साऱ्या वाड्यात दूरदर्शनचा संच एकच होता आणि तो मालकांच्या माडीवर. मी सात वर्षांचा, दादा अकरा वर्षांचा. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला, किंवा प्रक्षेपणात खंड पडला, की पडद्यावर एखादा लहानसा चित्रपट अवचित येई. ना त्याची आगाऊ सूचना, ना वर्तमानपत्रात नाव. आला की आम्ही हातातला लाडू तसाच धरून बसायचो, आणि नीट कळायच्या आत तो संपूनही जायचा. अशा वस्तूंचा पत्ता मोठेपणी शोधायचा कसा?

तरी मी शोधू लागलो. वर्गात एकजुटीवर धडा होता. मुलांना ही गोष्ट सांगताना माझी गाडी अर्ध्यावरच अडली. ‘मग पुढे काय झालं, सर?’ असे पहिल्या बाकावरून विचारले गेले आणि मला उत्तर येईना. मास्तराला याहून मोठी नामुष्की ती कोणती!

माझ्या आठवणीप्रमाणे ती कबुतरे होती. रंगाने पिवळी. बोलणारी मुलगी मराठीत बोलत होती. या तीन खुणा घेऊन मी वर्षभर हिंडलो आणि कोठेच पोचलो नाही. पोचणार तरी कसा? तिन्ही खुणा खोट्या होत्या.

उलगडा झाला तो शाळेतच. स्वातंत्र्यदिनाच्या गाण्याची तालीम चालली होती. आमच्या एका शिक्षिकाबाईंनी मुलांना चाल गुणगुणून दाखवली, आणि मी खडू हातात घेऊन दारातच थबकलो. पाखरे जणू त्या चालीवर बसूनच परत आली. ‘अहो, हे कुठलं गाणं?’ मी विचारले. बाई हसून म्हणाल्या, ‘सर, हे तर “एक अनेक और एकता”मधलं. तुम्ही पाहिलं नाहीत?’

पाहिले होते हो! नुसते नाव ठाऊक नव्हते.

त्या रात्री मोबाइलवर तो साताएक मिनिटांचा चित्रपट मी चार वेळा पाहिला. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने काढलेला, हिंदी भाषेतला. थोरली बहीण सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांवरून धाकट्यांना ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतला भेद सांगते, आणि तेवढ्यासाठीच पाखरांची गोष्ट येते. ती कबुतरे नव्हेत, साधी चिमणी पाखरे आहेत. जाळे घेऊन ती आपल्या मित्रांकडे, उंदरांकडे जातात आणि उंदीर जाळे कुरतडून त्यांना मोकळे करतात. उंदीर तर मी साफ विसरलो होतो. कबुतरे माझ्या डोक्यात आली ती ‘हितोपदेशा’तून, तेथे चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आपला थवा हिरण्यक उंदराकडे नेतो. चित्रपट रंगीत खरा, पण मालकांचा संच कृष्णधवल होता. तेव्हा पिवळा रंग माझ्या पदरचा, आणि मराठीही माझीच!

यानंतर ज्यांनी हे चित्र केले त्यांची नावे मी वहीत उतरवून घेतली. आपण बालपणी ज्यांचे खाल्ले त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसावीत, याची थोडी लाज वाटली.

दिग्दर्शिका विजया मुळे. १९२१ मध्ये मुंबईत जन्म, लग्नानंतर पाटण्यास वास्तव्य, पुढे दिल्ली. फिल्म सोसायट्यांच्या चळवळीत त्यांनी आयुष्य वेचले आणि २०१९ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन, त्या गेल्या. चित्रे जिवंत केली भीमसेन यांनी. त्यांचा जन्म मुलतानचा. फाळणीत घरदार सुटून ते कुटुंब लखनौस आले. ‘घरौंदा’ हा १९७७ चा चित्रपट त्यांचाच. देशाचे दोन तुकडे पाहिलेल्या माणसाने मुलांसाठी एकीची गोष्ट चितारावी, हे मला योगायोगापेक्षा अधिक वाटते. गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे; दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय त्यांनी १९३९ मध्ये स्थापिले. संगीत ‘अमर भूपाळी’चे वसंत देसाई यांचे, १९७५ च्या डिसेंबरात ते अपघाताने गेले, म्हणजे हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. आणि तो कोवळा आवाज कोणाचा म्हणाल, तर दाभोळला जन्मलेल्या, तेव्हा जेमतेम पाच वर्षांच्या साधना सरगम यांचा. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही या चित्राला मिळाला.

त्याच काळात विजयाबाई शिक्षणखात्याच्या वतीने खेड्यांतल्या शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम तयार करवून घेत होत्या. ‘नासा’चा एटीएस-६ हा उपग्रह भारताला एका वर्षासाठी वापरायला मिळाला होता. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत त्याचे कार्यक्रम थेट उतरत. तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभारायची, शाळेत किंवा पंचायतीत संच मांडायचा, आणि सकाळी मुलांनी व संध्याकाळी साऱ्या गावाने समोर बसायचे. आंध्र, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान ही ती राज्ये. महाराष्ट्र त्यांत नव्हता. वर्ष सरले, उपग्रह परत गेला. खेड्यातल्या शाळेला समोर ठेवून विचार करणाऱ्या त्या माणसांचे काम पुढे बारा वर्षांनी आमच्या वाड्यातल्या मुलांच्या वाट्याला आले, तेही दोन कार्यक्रमांच्या फटीतून.

आता दादाची गोष्ट. वडिलांच्या पश्चात वाडा पाडून इमारत व्हायची ठरली आणि आमच्या दोन खोल्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेवरून आम्हा भावांत बिनसले. तीन वर्षे लग्नामुंजीत ‘बरं आहे ना?’ याच्या पुढे बोलणे नव्हते. पण त्या माडीवर माझ्याबरोबर बसलेले दुसरे माणूस आता उरलेले नाही. मनाशी बरेच भांडून मी फोन केला.

‘दादा, ती पाखरं आठवतात? जाळं घेऊन उडालेली?’

थोडा वेळ पलीकडून काहीच आले नाही. मग तो म्हणाला, ‘आठवतात ना. शेवटी भांडतात आणि पकडली जातात.’

‘छे! उंदीर सोडवतात. मी कालच पाहिलं.’

‘तू काहीही पाहा. ती भांडतात. एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो.’

मी म्हटले, झाले, येथेही वाद! पण दादा चुकला नव्हता. जातककथांत संमोदमान जातक म्हणून एक कथा आहे. त्यात लावे पक्षी जाळे उचलून नेतात आणि काटेरी झुडपावर टाकून खालून निसटतात. पारधी रोज रिकाम्या हाताने घरी जातो. बायको बोलली तर म्हणतो, थांब, एक दिवस ती भांडतील. आणि तसेच होते. एकाचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, शब्दाला शब्द लागतो, आणि पुढच्या खेपेस ‘तू उचल’, ‘तूच उचल’ असे म्हणत असताना पारधी साऱ्यांना टोपलीत भरतो. ही गोष्ट आजी आम्हाला सांगायची. दादाच्या मनात आजीच्या गोष्टीचा शेवट पडद्यावरच्या गोष्टीला चिकटून बसला होता.

मी फोनवर हे सारे वाचून दाखवले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘होय रे, आजीचीच ती.’ आणि जरा थांबून विचारले, ‘पहिल्यांदा पाय कोणाचा पडला होता?’

‘कोणाच्या? लाव्यांच्या?’

तो हसला. मीही हसलो. जागेचा प्रश्न आमच्या हसण्याने सुटलेला नाही. कागद अजून तसेच आहेत. पण पाडव्याला तो मुलांना घेऊन येतो म्हणाला आहे. चित्रपट त्याला पाहायचाच आहे. त्याच्या मते पाखरे पिवळी नव्हती, निळी होती. खरा रंग मी त्याला अजून सांगितलेला नाही.