न लिहिलेल्या नावांचा इतिहास

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये काही नावे अशी असतात, की ती पानोपानी वापरलेली दिसतात. पण त्यांची व्याख्या शोधू गेल्यास कोठेही सापडत नाही. ती व्याख्या माणसाने लिहिलेलीच नसते. प्रोग्रॅम चालण्यापूर्वी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आपले काम करीत असतानाच ती रचली जाते. फंक्शनल प्रोग्रामिंगच्या परंपरेत ही सोय कशी आली आणि तिचे मोल कोणाला द्यावे लागले, हे पाहणे उद्बोधक आहे.

मूळ अडचण साधी आहे. गावच्या दप्तरातील नोंदीला जसे नाव, वय, पत्ता असे रकाने असतात, तशीच प्रोग्रॅममधील ‘रेकॉर्ड’ची रचना असते. एखाद्या रकान्यातील मजकूर काढून देणारे छोटे फंक्शन म्हणजे ‘ॲक्सेसर’. फंक्शनल भाषांचा दंडक असा, की एकदा झालेल्या नोंदीत खाडाखोड करावयाची नाही. बदल हवा असेल तर जुनीवरून नवी नोंद तयार करावयाची. म्हणजे वीस रकाने असले की वाचणारी वीस आणि बदलणारी वीस फंक्शने आली. त्यांत विचार कमी आणि कष्ट फार. शिवाय नक्कल करताना एका रकान्याच्या जागी दुसरा लिहिला जाण्याची धास्ती कायमची.

या परंपरेचा आरंभ लिस्प भाषेपासून होतो. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तिचे काम सुरू केले. तिच्या ‘कार’ आणि ‘कुडर’ या मूलभूत ॲक्सेसरांची नावे आयबीएम ७०४ या यंत्राच्या स्मृतिशब्दातील दोन भागांवरून पडली. नाव वाचून आत काय आहे याचा काहीच बोध होत नसे. तिसरा घटक म्हणजे वय की पत्ता, हे प्रोग्रॅमरने ध्यानात ठेवावयाचे. लिस्पचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात प्रोग्रॅम हाही एक यादीच असतो. त्यामुळे प्रोग्रॅमने प्रोग्रॅम लिहिणे तेथे स्वाभाविक ठरले. १९६३ साली टिमथी हार्ट यांनी लिस्पमध्ये मॅक्रोची सोय सुचविली. पुढे १९८४ साली गाय स्टील यांच्या ग्रंथातून कॉमन लिस्पचे रूप निश्चित झाले, तेव्हा त्यात ‘डेफस्ट्रक्ट’ हा मॅक्रो होता. रकान्यांची यादी एकदा द्यावी. ॲक्सेसर, नवी नोंद घडविणारे फंक्शन आणि एखादी वस्तू त्या जातीची आहे काय हे सांगणारी कसोटी, हे सारे आपोआप तयार होत असे.

दुसरी शाखा हॅस्केलची. १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील परिषदेत तिचा संकल्प झाला आणि १९९० साली पहिला अहवाल निघाला. रकान्यांना नावे देण्याची सोय मात्र १९९६ सालच्या १.३ या आवृत्तीत आली. रकान्याचे नाव हेच वाचणारे फंक्शन होई, आणि ते कंपायलर स्वतःच पुरवी. तरी दोन गाठी सुटल्या नाहीत. एकाच मॉड्यूलमधील दोन नोंदींना ‘नाव’ या एकाच नावाचा रकाना ठेवता येत नसे. आणि नोंदीच्या पोटातील नोंदीत बदल करावयाचा, तर प्रत्येक थर उलगडून पुन्हा गुंडाळावा लागे.

याच सुमारास दोन स्वतंत्र प्रवाह पुढे आले. २००२ साली टिम शेअर्ड आणि सायमन पेटन जोन्स यांनी ‘टेम्प्लेट हॅस्केल’ मांडले. त्यामुळे हॅस्केलमध्ये लिहिलेले फंक्शन कंपायलरच्या कामाच्या वेळीच चालवून त्याच्याकडून नवा मजकूर लिहून घेता येऊ लागला. दुसरा प्रवाह पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. तेथील बेंजामिन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘लेन्स’ची कल्पना विकसित केली. मोठ्या रचनेतील एक भाग पाहावयाचा आणि तो बदलून पुन्हा जागेवर बसवावयाचा, ही दोन्ही कामे एकाच साधनात असावीत, आणि जे ठेवले तेच परत वाचता यावे यासारखे नियम त्याने पाळावेत, ही ती कल्पना. २००९ साली ट्वान व्हॅन लार्होव्हेन यांनी लेन्स हे एक साधे फंक्शन म्हणून मांडण्याची युक्ती दाखविली. त्यामुळे एकापुढे एक लेन्स जोडून कितीही खोल जाता येऊ लागले.

२०१२ साली एडवर्ड क्मेट यांच्या ‘लेन्स’ या लायब्ररीत हे प्रवाह एकत्र आले. रकान्याच्या नावाआधी अधोरेषा द्यावयाची, नोंदीखाली ‘मेकलेन्सेस’ची एक ओळ लिहावयाची, की टेम्प्लेट हॅस्केल त्या रकान्यांच्या यादीवरून प्रत्येकासाठी अधोरेषा नसलेल्या नावाची लेन्स तयार करते. असा मजकूरही कंपायलरच्या प्रकार-तपासणीतून जातो. त्यामुळे शेकडो कंटाळवाण्या ओळी गेल्या आणि नकलेतील चुकाही गेल्या.

परंतु लिहिणाऱ्याचा भार उतरला, तो थोडा वाचणाऱ्याच्या माथी गेला. नवखा वाचक ‘वय’ या नावाची व्याख्या शोधू लागला, तर त्याला फक्त अधोरेषेचे भावंड भेटते. त्या दोहोंचे नाते संकेत ठाऊक असेल त्यालाच उमगते. मजकूर रचणारी ओळ मध्ये येताच वरच्या व्याख्यांना खालच्या दिसेनाशा होतात. म्हणजे प्रोग्रॅमचा क्रमही वाचकाच्या सोयीने न लागता यंत्राच्या सोयीने लागतो. शिवाय कंपायलरच्या वेळी चालणारा प्रोग्रॅम फायली वाचण्यासारखी कामेही करू शकतो. त्यामुळे २०११ साली आलेल्या ‘सेफ हॅस्केल’ या सुरक्षित चौकटीत टेम्प्लेट हॅस्केलला प्रवेश मिळाला नाही.

यानंतर भाषा स्वतःच पुढे सरकली. एकाच मॉड्यूलमध्ये समान नावांचे रकाने ठेवण्याची मुभा जीएचसी या कंपायलरच्या २०१६ सालच्या ८.० आवृत्तीत मिळाली. २०२१ सालच्या ९.२ आवृत्तीत नोंदीपुढे टिंब देऊन रकाना वाचण्याची सोय आली. वाचण्यापुरता तरी बाहेरच्या मॅक्रोचा आधार आता आवश्यक उरलेला नाही.

या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात एक क्रम पुन्हापुन्हा दिसतो. भाषेत उणीव असते. मेटाप्रोग्रामिंग ती तात्पुरती भरून काढते. आणि त्या ठिगळाचा वापर सार्वत्रिक झाला, की कधीतरी भाषा तेवढा धागा आपल्या विणीत घेते. ठिगळ लावणाऱ्यांनी उणीव नेमकी कोठे आहे हे दाखविले नसते, तर विणकरांना ती इतक्या स्पष्टपणे कळली नसती. मात्र मजकूर कोणीही रचो, माणूस वा यंत्र, त्यातील नावाचा उगम वाचणाऱ्याला सापडला पाहिजे. ज्या दप्तरातील नोंद कोणी केली हे कळत नाही, त्या दप्तरावर विसंबून निवाडा देणे कठीण होते.