प्रतिसर्पविष : सिंदी (रेल्वे) परिसरातील उपलब्धता व वापर

प्रतिसर्पविष हे सापाच्या विषावरचे एकमेव नेमके औषध. दवाखान्यात त्याला ए.एस.व्ही. म्हणतात. सिंदी (रेल्वे) हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील, नागपूर-वर्धा लोहमार्गावरचे गाव. भोवती कापूस, तूर व सोयाबीनची शेती. पेरणीपासून सोयाबीनच्या सवंगणीपर्यंत, म्हणजे जून ते ऑक्टोबर, येथे दंशाचा धोका सर्वाधिक असतो. नाग, मण्यार आणि घोणस (विदर्भात परड) हे येथले मुख्य विषारी साप.

भारतीय प्रतिसर्पविष या तिघांवर व फुरशावर एकत्रित चालते. त्यामुळे साप मारून सोबत आणण्याची गरज नाही. त्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होण्याची भीती असते. घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून हे औषध बनते. महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी जोडलेले आहे. भुकटीच्या रूपातील कुपी शीतकपाटाशिवायही थंड, कोरड्या जागी टिकते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नसण्याला वीजपुरवठ्याचे कारण पुरत नाही.

दात उमटले म्हणजे विष भिनलेच असे नव्हे. प्रत्येक दंशाला औषध देऊ नये. घोणशीचे विष रक्त गोठू देत नाही व मूत्रपिंडे निकामी करते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवावे. गोठले नाही, तर औषध सुरू करावे. ही तपासणी कोणत्याही केंद्रात होते. मण्यार मात्र फसवी. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, वेदना जवळजवळ नसते, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, पुढे श्वास थांबतो. अशा वेळी औषधाइतकाच कृत्रिम श्वास महत्त्वाचा.

सुरुवातीची मात्रा साधारण 8 ते 10 कुप्या, शिरेतून. लहान मुलालाही तेवढीच, कारण साप मुलाला कमी विष टोचत नाही. आधी त्वचेवर चाचणी घेण्याचा उपयोग नाही. ॲड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवणे आवश्यक, कारण तीव्र ॲलर्जी होऊ शकते. दंशाच्या जागी औषध टोचू नये.

वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अशी मोठी उपचारकेंद्रे जिल्ह्यात आहेत. तेव्हा उणीव आहे ती पहिल्या तासातली. लक्षणे असूनही ‘वर्ध्याला न्या’ एवढेच सांगून रुग्णाला हलवणे हा सर्वांत घातक प्रघात आहे. पहिली मात्रा सुरू करून, श्वासाची सोय करून मगच पाठवायला हवे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलट्या, मज्जासंस्थेवरील परिणाम आणि रक्तातील वाढलेले क्रिएटिनीन ही मृत्यूच्या धोक्याची चिन्हे आढळली. अशा रुग्णाचा मांत्रिकाकडे गेलेला वेळ भरून निघत नाही.

एका राष्ट्रीय अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे दगावली. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्राने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची सक्तीने नोंद करण्याची सूचना राज्यांना दिली. अशी नोंद गावपातळीवरून झाली, तरच कोणत्या केंद्रात किती कुप्या लागतात हे पावसाळ्याआधी ठरवता येईल.

दंश होताच हात किंवा पाय स्थिर ठेवावा, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये आणि 108 ला फोन करावा.