उंबरठ्याआतली शुश्रूषा

रुग्णसेवेचा इतिहास लिहायला बसले की आपण बहुधा रुग्णालयांचा इतिहास लिहितो. ते स्वाभाविकच आहे. रुग्णालयाला कोनशिला असते, नोंदवह्या असतात, संस्थापकाची तसबीर असते. घरात झालेल्या शुश्रूषेचे मात्र काहीच मागे उरत नाही. अंथरूण गुंडाळले जाते, औषधाच्या बाटल्या फेकल्या जातात, आणि रात्र रात्र जागलेल्या बाईचे नाव कुठे नोंदले जात नाही. तरीही सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जी माणसे आजारी पडली, बरी झाली वा निवर्तली, त्यांतली बहुसंख्य घरातच होती. त्यांची सेवा कोणी केली, हा एक प्रश्न. ती नीट झाली की नाही हे कोणी पाहिले, हा दुसरा. या लेखात विचार करायचा आहे तो दुसऱ्या प्रश्नाचा.

आरंभ एका मरणापासून करावा लागतो. सावित्रीबाई फुले यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगावचा, १८३१ सालचा. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी तो पुण्यात हातपाय पसरू लागला. सावित्रीबाईंचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. त्या दवाखान्यात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला होता. पण तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे ज्या ज्ञानाने सावित्रीबाई कदाचित वाचल्या असत्या, ते ज्ञान त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने आले. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच. पण त्या घटनेतून दुसराही एक धडा घ्यायला हवा होता. सेवा करणाऱ्याचे रक्षण हा सेवेचाच भाग आहे, हा तो धडा. तो घ्यायला आपल्याला फार वेळ लागला.

त्याच काळात मिरजेत एक निराळी परंपरा मूळ धरीत होती. विल्यम जेम्स वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली हिंदुस्थानात आले. प्रथम त्यांनी सांगलीत काम केले आणि मग ते मिरजेला गेले. संस्थानाधिपतींनी दिलेल्या जागेवर १८९४ साली रुग्णालय उभे राहिले. काही वर्षांतच तेथे वैद्यकीय शिक्षणाबरोबर परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. त्या काळी परक्या माणसाची जखम धुणे, त्याचे मलमूत्र उचलणे ही कामे हलकी समजली जात. प्रतिष्ठित घरातील मुलगी या वाटेला फिरकत नसे. आल्या त्या बऱ्याचशा ख्रिस्ती मुली आणि आधार तुटलेल्या स्त्रिया. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत 'आजी नर्स होत्या' असे आज अभिमानाने सांगितले जाते. त्या आज्यांनी हा व्यवसाय पत्करला तेव्हा त्यात अभिमानापेक्षा अवहेलनाच अधिक होती, हे विसरता कामा नये.

या मुलींना मिशन रुग्णालयांतून मिळाली ती प्रामुख्याने एक शिस्त. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी १८४७ साली चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १८६७ साली लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हेच ज्ञान वॉर्डात नियम होऊन आले. दोन रोग्यांच्या मध्ये हात धुवायचे, उपकरणे उकळायची, एकाची पट्टी दुसऱ्याच्या ताटलीत ठेवायची नाही. आणि नियमांवर पहारा असे तो वॉर्डच्या सिस्टरचा. सकाळच्या फेरीत तिची नजर चादरीच्या घडीवरून रोग्याच्या टाचेपर्यंत जाई. रुग्णालयातील स्वच्छतेचे निम्मे श्रेय औषधांना असेल, तर निम्मे या नजरेला द्यावे लागेल.

पण रोगी घरी गेला की ती नजर उंबरठ्यावरच थांबे.

इंग्लंडमध्ये या अडचणीचा विचार लवकर झाला. १८५९ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन यांनी गरिबांच्या घरी जाणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची योजना सुरू केली. तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मार्गदर्शन लाभले. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून गृहपरिचारिकांची मोठी संस्था स्थापन झाली. तिने फिरत्या निरीक्षिका नेमल्या. निरीक्षिका परिचारिकेबरोबर घरोघर जाई, तिचे काम पाही, नोंदी तपाशी. घरातील सेवा हीसुद्धा तपासण्याजोगी गोष्ट आहे, हे तत्त्व तेथे रुजले.

आपल्याकडे मुळात परिचारिकाच नव्हत्या, तर निरीक्षिका कोठून असणार? १९४३ साली नेमलेल्या आरोग्य समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले ख्रिस्ती गृहस्थ होते. या समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे, असे तो सांगतो. अशा स्थितीत घरची सेवा ही आई, सून आणि मुलगी यांच्यावरच सोपवलेली होती. त्यांना कोणी काही शिकवले नाही आणि त्यांचे काय चुकते हेही कोणी पाहिले नाही.

क्षयरोगाने हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. कोख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिल्यावर क्षयी माणसाला घरातून दूर ठेवावे, हा विचार जगभर दृढ झाला. डोंगरावरची स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार होता. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. सांगली-मिरज रस्त्यावर वॉनलेसवाडीला मिशनचे क्षयरुग्णालय झाले. खोकताना तोंडावर रुमाल, थुंकीसाठी झाकणाचे भांडे, ती थुंकी जाळणे किंवा जंतुनाशकात बुडवणे, खिडक्या रात्रीही उघड्या, हे तेथील नियम होते. ते शास्त्रशुद्ध होते. पण खाटा मोजक्या, खर्च मोठा, आणि रोगी लाखोंनी. ज्याला पाचगणी परवडत नसे, तो माडीवरच्या अंधाऱ्या खोलीत पडून राही.

या कोंडीतून वाट काढली ती मद्रासमधील एका प्रयोगाने. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तेथे क्षयरोग उपचार केंद्र उघडले. शहरातल्या गरीब वस्तीतील १९३ क्षयरोग्यांची दोन गटांत विभागणी झाली. एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेल्यांचा निकाल आरोग्यधामातल्यांच्या जवळपास तोडीचा होता. पुढे या रोग्यांच्या कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. घरी उपचार झाल्यामुळे त्यांना अधिक धोका पोहोचल्याचे आढळले नाही. संसर्गाचा मोठा धोका उपचार सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, आणि औषध नियमित चालले तर तो लवकर ओसरतो, हे त्यातून उमगले.

या प्रयोगाची कीर्ती झाली ती 'घरी उपचार शक्य आहे' एवढ्यापुरतीच. त्याची दुसरी बाजू मागे पडली. मद्रासमधील आरोग्यसेविका या रोग्यांच्या घरी आगाऊ न कळवता जात, उरलेल्या गोळ्या मोजत, आणि औषध खरोखर पोटात जाते की नाही हे पाहण्यासाठी लघवी तपासत. घर सुरक्षित ठरले ते कोणीतरी ठरवून, नियमाने, न रागावता पाहत होते म्हणून. हा प्रयोग देशभर पुढे नेताना औषधे घरोघर गेली; पाहणारी मात्र पुष्कळदा मागेच राहिली.

औषधे आली आणि आरोग्यधामे ओस पडू लागली. बेल-एअर १९६४ साली रेडक्रॉसकडे आले. पुढे १९९० नंतरच्या दशकात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघातील धर्मगुरूंनी तेथील व्यवस्था हाती घेतली आणि एकेकाळी क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या त्या इमारतींत एड्सचे रुग्ण येऊ लागले. त्या वर्षांत सांगलीचे नाव या साथीच्या संदर्भात वारंवार घेतले जाई. १९९२ सालापासून तेथे 'संग्राम' या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम उभे केले. त्या काळी या रोगाला औषध जवळजवळ नव्हते. सरकारी केंद्रांतून मोफत उपचार सुरू झाले ते २००४ साली. तोवर शुश्रूषा हाच उपचार होता, आणि तीच नाकारली जात होती. रोग्याचे ताट वेगळे, अंथरूण गोठ्यात, खाटेवर लाल अक्षरांची पाटी.

या भयाला शास्त्राने दिलेले उत्तर मला नीतिदृष्ट्याही फार मोलाचे वाटते. १९८० नंतरच्या दशकात 'सर्वांसाठी सारखी दक्षता' हा नियम पुढे आला. रक्त कोणाचेही असो, ते संसर्गजन्य आहे असे धरून हातमोजे घाला, सुई पुन्हा टोपणात घालू नका, ती जाड डब्यात टाका. अमक्यासाठी वेगळी आणि तमक्यासाठी वेगळी काळजी नाही. ज्या दक्षतेत सर्व समान असतात, तीत कोणाच्या कपाळावर शिक्का मारावा लागत नाही. संसर्गप्रतिबंध आणि मानवी प्रतिष्ठा यांची येथे गाठ पडली.

मरणासन्न रुग्णांच्या सेवेची आधुनिक चळवळ आपल्याकडे आली तीही याच सुमारास. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे अंतिम सेवेचे गृह उघडले आणि दोनच वर्षांत त्यांच्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. लुइस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन स्थापन केले. असाध्य कर्करोग्यांसाठीचे हे देशातील पहिले गृह. तेथील शुश्रूषेचा भार धर्मभगिनींनी उचलला. पण वांद्र्याच्या खाटा किती आणि खटाव-जतच्या वस्त्यांवरील रोगी किती! बहुतेकांचे शेवटचे महिने घरातच जाणार.

तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगाची जखम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या सेवेची कठीणता सांगायला नको. जखमेला दुर्गंधी येते, क्वचित तीत अळ्या पडतात. लघवीची नळी आठवडेच्या आठवडे राहते आणि तीतून ताप शिरतो. कूस न बदलल्याने पाठीला व्रण पडतात. यावरचे उपाय महाग नाहीत. साबणाने हात धुणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता टांगणे. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घातली की सांडलेले रक्त पुसण्याजोगे द्रावण होते. मात्र ते रोज ताजे करावे लागते, कारण क्लोरीन उडून जातो. घरातल्या कुकरमध्येही पट्ट्यांचे कापड पूर्ण दाबाखाली वीस मिनिटे वाफवता येते. नुसत्या उकळण्याने सगळे जंतू मरतात असे नाही. हे सारे पहिल्या दिवशी नीट होते. चाळिसाव्या दिवशी, थकलेल्या सुनेच्या हातून, कोणी पाहत नसताना होते का, हाच खरा प्रश्न आहे.

२०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीने हा प्रश्न प्रत्येक घरात नेला. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे नाव राज्यभर झाले. एका कुटुंबातून संसर्ग कसा पसरतो हे तेथे दिसले, आणि नेटाने मागोवा घेतला तर तो आवरता येतो हेही दिसले. पुढे गृहविलगीकरण आले. सप्टेंबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशा सेविका तापमापक आणि प्राणवायू मोजण्याचे यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. मद्रासच्या त्या आरोग्यसेविकांची ही नातच म्हणायची. साथ ओसरली आणि तो फेरा पुन्हा विरळ झाला.

आजची स्थिती काय? मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, आईवडील सांगलीच्या वा साताऱ्याच्या बंगल्यात, आणि उशाशी ब्यूरोने पाठवलेली मुलगी. तिला 'सिस्टर' म्हणतात; ती नोंदणीकृत परिचारिका आहे की पंधरा दिवसांत शिकलेली गरजू मुलगी आहे, हे विचारले जातेच असे नाही. १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा शुश्रूषागृहाच्या वास्तूला लागू होतो. रोग्याचे स्वतःचे घर त्यात बसत नाही. परिचारिकांची नोंदणी परिषद करते, पण ज्या मुलीचे नाव नोंदवहीतच नाही तिच्याविषयी परिषद काय करणार? यात त्या मुलीचा दोष नाही. बारा तासांच्या पाळीत तिलाही सुई टोचू शकते, आणि तिला काविळीची लस दिली आहे का, हेही कोणी विचारत नाही. सावित्रीबाईंपासूनचा तो धडा अजून पुरा झालेला नाही.

इतिहासातून हाती लागते ते असे. देखरेख म्हणजे संशय नव्हे. अनुभवी परिचारिकेने आठवड्यातून एकदा, कधी न सांगता, घरी यावे. व्रण किती, ताप किती वेळा, नळी कधी बदलली याची एक साधी वही उशाशी असावी. रोग्याला आणि घरच्यांना वेगवेगळे विचारावे. चूक आढळली तर आधी शिकवावे आणि मग जाब मागावा. हे काम करू शकणाऱ्या कितीतरी निवृत्त परिचारिका आपल्या समाजातच आहेत. आठवड्याची दोन घरे प्रत्येकीने पत्करली, तरी पुष्कळ व्रण पडायच्या आधीच थांबतील.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, हे आपल्या लक्षात राहते. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. जखमी माणसाला उतारशाळेत ठेवून, दोन नाणी देऊन तो मोकळा झाला नाही. परत येईन आणि उरलेला हिशेब पुरा करीन, असे सांगून गेला. उतारशाळेच्या मालकाला ठाऊक होते की हा माणूस पुन्हा येऊन पाहणार आहे. घरच्या शुश्रूषेत आज उणीव आहे ती या परत येण्याची.