बार्बोसाची पन्नास वर्षं: आशा देशाची, शिक्षा कुणाला?

विश्वचषक फुटबॉल जवळ आला की आपल्या वस्त्यांत, कॉलेजच्या कट्ट्यांवर पिवळ्या जर्सी दिसू लागतात. कोल्हापूरच्या पेठांत तर ब्राझील की अर्जेंटिना यावरून एकाच घरात दोन तट पडतात. भारताचा पुरुष संघ आजवर एकदाही विश्वचषकाच्या मैदानात उतरलेला नाही, त्यामुळे आपण आपली आशा दुसऱ्या देशावर लावतो. 2026 च्या स्पर्धेत ब्राझीलच्या चाहत्यांना सहावं विजेतेपद हवं आहे. पाचवं 2002 साली मिळालं, त्याला 24 वर्षं झाली. आम्हीही त्याच चाहत्यांतले आहोत, उगाच तटस्थपणाचा आव आणणार नाही. पण ज्या पिवळ्या जर्सीवर आपण जीव टाकतो ती आली कुठून, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ती एका पराभवातून आली. आणि त्या पराभवाची शिक्षा तीन कृष्णवर्णीय खेळाडूंनी भोगली.

हा इतिहास आपण वाचला पाहिजे, कारण तो आपल्याला परका नाही.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 13 मे 1888 रोजी. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1894 मध्ये, चार्ल्स मिलर नावाचा तरुण इंग्लंडमधून शिक्षण संपवून साओ पावलोला परतला आणि सोबत फुटबॉल घेऊन आला. खेळ आला तो श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांत. रिओच्या फ्लुमिनेन्स क्लबात एक मिश्रवर्णीय खेळाडू चेहऱ्याला तांदळाची पावडर फासून मैदानात उतरायचा आणि घामाने ती ओघळली की प्रेक्षक ओरडायचे, ही गोष्ट तिथे आजही सांगतात. कापड गिरणीच्या कामगारांना सोबत घेणाऱ्या बांगू क्लबाने संघात कृष्णवर्णीय खेळाडू घेतले, तर 1907 मध्ये लीगने 'रंगीत' माणसांची नोंदणीच नाकारली. बांगूने लीग सोडली.

1923 साली मात्र एक उलथापालथ झाली. वास्को द गामा हा पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी उभा केलेला क्लब, वरच्या गटात पहिल्याच वर्षी आला आणि रिओचा विजेता झाला. त्याच्या संघात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे कामगार होते. मोठ्या क्लबांचं पित्त खवळलं. त्यांनी 1924 मध्ये वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की तुमचे 12 खेळाडू काढा, मग या. कारण काय दिलं? रंगाचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणे या खेळाडूंचे व्यवसाय संशयास्पद आहेत, यांना नीट लिहिता-वाचता येत नाही, हे खरे हौशी खेळाडू नव्हेत.

मित्रांनो, ही भाषा ओळखीची वाटते ना? 'आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो' हे वाक्य आपण प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक प्रवेशाच्या रांगेत ऐकलेलं आहे. हौशी खेळाडू म्हणजे पैसे न घेता खेळणारा. पण पैसे न घेता खेळायला घरात पैसा लागतो. हाताने काम करणाऱ्याला दुपारी सरावाला जायचं तर मजुरी बुडते. मग त्याची भरपाई क्लबाने केली की तो 'हौशी' राहत नाही आणि बाहेर जातो. दारावर पाटी न लावता दार बंद करण्याची ही रीत आहे. 'हौशी खेळाचा सुवर्णकाळ' म्हणून गळा काढणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच, की 1933 मध्ये रिओत आणि साओ पावलोत व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं, खेळाचा रोख मोबदला उघडपणे मिळू लागला, तेव्हाच कृष्णवर्णीयांना मोठ्या क्लबांची दारं खऱ्या अर्थाने उघडली. इथे मुक्ती पगाराच्या पाकिटातून आली, कुणाच्या उदार मनातून नाही.

वास्कोने काय केलं? क्लबाचे अध्यक्ष जोसे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी 7 एप्रिल 1924 रोजी पत्र पाठवून कळवलं की आमचे 12 खेळाडू आम्ही बळी देणार नाही, तुमच्या संघटनेत येण्याचा विचार आम्ही सोडतो. ब्राझीलमध्ये या पत्राला 'ऐतिहासिक उत्तर' म्हणतात. पुढे 'तुमच्याकडे धड मैदान नाही' असं हिणवलं जायचं, तर वास्कोच्या पाठीराख्यांनी वर्गणी काढली आणि 1927 मध्ये साओ जानुआरियो हे स्टेडियम उभं केलं. त्या काळात ते ब्राझीलमधलं सर्वांत मोठं होतं. वर्गणीतून विहार आणि ग्रंथालयं उभी करणाऱ्या आपल्या समाजाला यातला अभिमान वेगळा समजावून सांगायला नको.

राष्ट्रीय संघाची कथा याहून वाकडी. 1919 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत उरुग्वेविरुद्ध विजयी गोल केला आर्थर फ्रीडनरायशने. बाप जर्मन वंशाचा, आई कृष्णवर्णीय. त्याच्या बुटांची मिरवणूक निघाली इतका तो लाडका होता. पण दोनच वर्षांनी, 1921 मध्ये, याच स्पर्धेसाठी अर्जेंटिनाला गेलेल्या संघात तो नव्हता. परदेशात देश गोरा दिसावा म्हणून राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांनी दबाव आणला, असं ब्राझीलचे अनेक अभ्यासक मानतात.

आता 1950 कडे येऊ. विश्वचषक ब्राझीलमध्येच होता आणि त्यासाठी रिओत माराकाना हे प्रचंड स्टेडियम बांधलं होतं. (याच स्पर्धेत भारतालाही जागा मिळाली होती. 'अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही' ही दंतकथा आहे. आपल्या महासंघाला ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाचं मोल कळलं नाही, असं त्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितलं.) अंतिम फेरीत ब्राझीलने स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असं चिरडलं. उरुग्वेविरुद्ध बरोबरी झाली तरी पुरे होतं. 16 जुलैला सामना सुरू होण्याआधीच एका वर्तमानपत्राने संघाचा फोटो 'हेच जगज्जेते' म्हणून छापला आणि रिओच्या महापौरांनी मैदानात भाषण करून खेळाडूंना विजेते म्हणून टाकलं. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच 1,73,850 होते.

फ्रियासाने 47 व्या मिनिटाला गोल केला. 66 व्या मिनिटाला शियाफिनोने बरोबरी साधली. 79 व्या मिनिटाला गिजिया उजवीकडून बिगोदेला चकवून आत घुसला. गोलरक्षक बार्बोसाला वाटलं, मघासारखाच तो चेंडू मध्ये देणार, म्हणून तो किंचित पुढे सरकला. गिजियाने चेंडू त्याच्या आणि खांबाच्या मधून जाळ्यात मारला. उरुग्वे 2, ब्राझील 1.

देशाने दोषी शोधले ते तीन: गोलरक्षक बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही कृष्णवर्णीय. आघाडीच्या फळीने दुसरा गोल का केला नाही, असं फारसं कुणी विचारलं नाही. सामन्याआधीच विजय वाटून टाकणाऱ्या महापौरांना आणि संपादकांनाही कुणी जाब विचारला नाही. चर्चा सुरू झाली ती 'वंशाच्या' कमकुवतपणाची. मिश्र रक्ताची माणसं दडपणाखाली कचरतात म्हणे. आणि यातला सगळ्यात मोठा विनोद बघा, तो सामना ज्याने फिरवला तो उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला स्वतः आफ्रिकन वंशाचा होता. त्याला 'काळा सरदार' असंच म्हणत. ज्यांना वंश शोधायचा होता त्यांना तो हरलेल्या बाजूलाच दिसला.

मोआसिर बार्बोसा हा वास्को द गामाचाच गोलरक्षक. 1949 मध्ये दक्षिण अमेरिकेचा चषक जिंकलेल्या ब्राझील संघातही तो होता. यातलं काहीही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. 1993 मध्ये, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांच्या वेळी, तो खेळाडूंना भेटायला राष्ट्रीय संघाच्या शिबिरात गेला तर त्याला अपशकुनी समजून आत सोडलं नाही. 72 वर्षांच्या माणसाची सावली संघावर पडू नये, ही त्यामागची भावना. सावलीचा विटाळ म्हणजे काय हे जगात कुणाला कळत असेल तर ते आपल्याला. बार्बोसाने शेवटच्या काळात म्हटलं होतं की ब्राझीलच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा 30 वर्षांची आहे, मी न केलेल्या गुन्ह्यासाठी 50 वर्षं भोगतो आहे. तो 7 एप्रिल 2000 रोजी वारला. तारीख वास्कोच्या त्या पत्राचीच.

जर्सीसुद्धा बदलली. तोवर ब्राझील पांढऱ्या पोशाखात खेळायचं, तो आता अशुभ ठरला. एका वर्तमानपत्राने स्पर्धा घेतली, आल्दिर शली नावाच्या तरुणाचं पिवळ्या-हिरव्या-निळ्या रंगांचं चित्र निवडलं गेलं आणि 1954 पासून ती जर्सी अंगावर आली. कापड बदललं, डोकी तीच राहिली. 1954 मध्ये हंगेरीकडून हरल्यावर ब्राझीलच्या पथकाच्या प्रमुखाने अहवालात पुन्हा खेळाडूंच्या मिश्र वंशाकडेच बोट दाखवलं.

मे 1958 मध्ये, स्वीडनच्या विश्वचषकाला संघ निघण्याच्या सुमारास, नाटककार आणि क्रीडालेखक नेल्सन रॉड्रिग्ज यांनी एक लेख लिहिला. चाहत्याच्या आशेवर यापेक्षा गाजलेला लेख क्वचितच असेल. त्यांचं म्हणणं असं, की ब्राझीलला आशा करायचीच भीती वाटते, कारण तो स्वतःला जगापुढे रस्त्यावरचं भटकं कुत्रं समजतो. हा शब्द तिथे आजही रोजच्या बोलण्यात आहे. आम्हाला हा लेख महत्त्वाचा वाटतो, पण तो अर्धाच वाटतो. न्यूनगंड आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी कुणावर तरी लादतो, आणि लादणारे देशाच्या आतच बसलेले असतात.

पुरावा त्याच स्पर्धेत आहे. ऑस्ट्रियाविरुद्ध पहिल्या सामन्यात उतरलेला संघ जवळजवळ सगळा गोरा होता, कृष्णवर्णीयांत नजरेत भरणारा एकटा दिदी. संघाच्या मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घेऊन 17 वर्षांच्या पेलेला पोरकट आणि गारिंचाला अशा सामन्यांसाठी अयोग्य ठरवलं होतं. पुन्हा गुणवत्तेची परीक्षा, पुन्हा पेपर काढणारे तेच! प्रशिक्षक फिओला यांनी तिसऱ्या सामन्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध, दोघांनाही उतरवलं. 2-0. मग वेल्सविरुद्ध पेलेचा एकमेव गोल, फ्रान्सविरुद्ध त्याचे तीन, अंतिम सामन्यात दोन. 29 जूनला स्वीडनने पहिला गोल केला तेव्हा जाळ्यातला चेंडू काखेत घेऊन शांतपणे मध्यरेषेपर्यंत चालत आला तो दिदी. दडपणाखाली कचरणारा वंश तो हाच! ब्राझील 5-2 ने जिंकलं. पेले आणि गारिंचा एकत्र खेळले त्यातला एकही सामना ब्राझील हरलं नाही.

मग देशाने त्यांना डोक्यावर घेतलं आणि 'आमच्याकडे वर्णभेद नाहीच' असं जगाला सांगायला सुरुवात केली. पण तोच दिदी 1970 च्या विश्वचषकात प्रशिक्षक म्हणून आला तो पेरूचा संघ घेऊन. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद त्याला कधीच मिळालं नाही.

आपल्याकडे पाहू. पळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. ते भाऊ विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळालं. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. आणि हे जुनं झालं म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट 2021 आठवावा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकी संघ उपांत्य सामना अर्जेंटिनाशी हरला, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फुटले, संघात दलित फार झाले म्हणून शिवीगाळ झाली. त्याच वंदनाने चार दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिक हॉकीत अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांना वर्णद्वेषी शिव्या खाव्या लागल्या होत्या.

आज ब्राझीलच्या आशेचा मोठा भार विनिसियस ज्युनियरवर आहे. मे 2023 मध्ये स्पेनमधल्या वालेन्सियाच्या मैदानावर त्याला माकड म्हणून हिणवलं गेलं. तो गप्प बसला नाही, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि जून 2024 मध्ये तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. बार्बोसाला हे मिळालं नव्हतं.

या वेळी रात्र जागवून वस्तीत पडद्यावर सामने लावणाऱ्या मंडळांना आमची एक विनंती आहे. ब्राझीलच्या पहिल्या सामन्याआधी दहा मिनिटं काढा. वास्कोच्या 1924 च्या पत्राची गोष्ट पोरांना सांगा, बार्बोसाचा फोटो दाखवा, वंदना कटारियाचं नाव घ्या. आणि एखाद्याचा फटका खांबावरून बाहेर गेला तर पडद्यासमोरून पहिली शिवी कोणती येते, तिकडे कान ठेवा.