सुरीला पाणी देणे

देवगाव फाट्यासारख्या (ता. सेलू, जि. परभणी) वाहत्या रस्त्यांच्या मुलखात लोहाराला ट्रकचे मोडके कमानपाटे चांगले पोलाद पुरवतात. ते घडवताना शिकाऊ पोराची खरी परीक्षा घणाशी नसून रंगाशी असते, असे आमचे मत आहे. लालबुंद पाते पाण्यात किंवा तेलात विझवले की कडक होते, पण ठिसूळही. म्हणून ते घासून उजळ करतात, पुन्हा हलके तापवतात आणि धारेवर गवती पिवळा रंग सरकताच थांबतात. हा निव्वळ अंदाज, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हा पिवळा रंग पोलादावर साधारण २२०-२३० अंश सेल्सिअसला चढतो, निळा ३०० च्या आसपास. सरावलेला डोळा इथे तापमापकाचेच काम करतो. पुढे ग्राइंडरवर जोर देऊन कड निळी पडू दिली, तर दिलेले पाणी, म्हणजे पात्याचा कमावलेला कडकपणा, उतरते आणि पाते पुन्हा भट्टीत घालावे लागते.