पोळीवरचे सीताफळ

दसरा सरला की आमच्या उमापुरात सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून घरी आली आणि तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दही घालून मळलेल्या कणकेची जाड पोळी तव्यावर टाकली, वर कुस्करलेले पनीर पसरले, मीठ-मिरपूड भुरभुरली. सीताफळाचा गर घालणार तोच तिची अम्मी ओरडली, "अगं, तापवलं की कडवट होतं ते!" मग पोळी उतरवून, जरा निववून, बिया काढलेला गर वर घातला. गोड आणि खारट एकाच घासात.

शेजारचे काका फराळाचे ताट घेऊन आले होते. त्यांनी चव घेतली आणि सहज विचारले, "हे तुमच्यातलं का?"

लेक हसून म्हणाली, "कुणातलंच नाही काका. नवीन आहे."

दोघांचेही बोलणे माझ्या मनात घोळत राहिले. खरेच हे नवीन आहे का? आणि कुणातले आहे?

आधी पनीर घेऊ. शब्द फारसी. इराणात आजही सकाळच्या न्याहारीला नान आणि पनीर असते, सोबत कधी द्राक्षे, कधी कलिंगडाची फोड. पण दूध फाडण्याची रीत आपल्या दख्खनलाही जुनीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपला मुलूख तेव्हा याच चालुक्यांच्या राज्यात होता. या ग्रंथात तापलेले दूध आंबट घालून फाडायचे, कापडातून गाळायचे, चोथ्यात तांदळाचे पीठ मिसळून तळायचे आणि साखरेने गोड करायचे, असा एक पदार्थ आहे. त्याच ग्रंथात मांडे आहेत, पोळ्याही आहेत. म्हणजे पोळी आणि फाडलेले दूध या राज्याच्या मुदपाकखान्यात नऊशे वर्षांपूर्वीच एकत्र नांदत होते.

आता सीताफळ. नावात साक्षात सीतामाई, पण झाड मूळचे अमेरिका खंडातले. समुद्रापलीकडून आले आणि बालाघाटच्या खडकाळ रानात असे रुजले की 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. परक्या फळाला आपण देवाघरचे नाव दिले आणि ते आपले झाले. त्याचा मूळ गाव कोण विचारतो?

फळ आणि पनीर एकत्र आले की भांडण मात्र जगभर होते. 1962 साली कॅनडातल्या चॅटहॅम गावी सॅम पानोपुलोस नावाच्या हॉटेलवाल्याने पिझ्झ्यावर डब्यातल्या अननसाच्या फोडी टाकल्या. माणूस मूळचा ग्रीसचा, पदार्थ इटलीचा, नाव पडले हवाईचे! 2017 साली आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी शाळकरी मुलांसमोर थट्टेने सांगितले की, हातात असते तर अशा पिझ्झ्यावर बंदीच घातली असती. जगभर गदारोळ झाला, तेव्हा त्यांनी खुलासा केला: असा कायदा करण्याचा अधिकार मला नाही, आणि तो नाही हेच बरे.

आपल्याकडे गोड-तिखटाचा असा वाद कधी झाला नाही. पुरणाची पोळी गोड, तिच्याच डाळीच्या कटाची आमटी झणझणीत, आणि दोन्ही एकाच ताटात.

माझ्या लहानपणी होळीला शेजारून पुरणपोळीचे झाकलेले ताट यायचे. ताट रिकामे परत करायचे नाही, ही अम्मीची शिस्त. मोहरममध्ये आमच्याकडून चोंगे जायचे. गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेच्या त्या गोड पोळ्या. सवारीला नवस फेडायला गावातली हिंदू घरेही यायची. "तुमच्यातलं का?" असे तेव्हा कुणी विचारल्याचे आठवत नाही, "कसं केलं?" एवढेच विचारायचे. काकांच्या मनात काही नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे. पण प्रश्न बदलला, हे खरे.

अम्मी गेली आणि आमच्या घरातले चोंगेही गेले. लेकीने परवा कृती विचारली, तर आम्हा नवरा-बायकोला धड सांगता येईना. बाजारातून गोडधोड आणण्याची सवय लागली, त्याचा हा परिणाम.

शेवटी ती शेजारी गेली. काकू म्हणाल्या, "तुझ्या आजीजवळ बसून लाटलेत मी. गुळाचं पाणी कोमटच घे, आणि खसखस विसरू नकोस. अन् हो, चिमूटभर मीठ."

लेकीने वहीत लिहून घेतले. चोंगे आमच्यातले, आज त्यांची कृती काकूंकडे आहे.

यंदा मोहरमला आमच्याकडून ताट जाणार आहे. सीताफळाची पोळी काकांना आवडली का, ते विचारायचे राहून गेले होते. परवा फाटकापाशी तेच म्हणाले, "ती पोळी पुन्हा कधी करणार?"